तंग, लगाम आणि वाळूजचं सेकंडहँड मशीन

चामडं शिवायचं जुनं मशीन बघायला बाहेर पडायच्या आधी मी घरातला तयार माल ओट्यावर मांडला आणि व्हर्निअरनं मोजून काढला. लगामाची पट्टी दोन पदरी, साडेचार ते पाच मिलिमीटर. म्होरकी, म्हणजे जनावराच्या तोंडावरचा साज, तेवढीच. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, साडेसहा-सात, पण बक्कल घालून पट्टी परत दुमडली की तिथं नऊ. आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात तो घागरमाळेचा पट्टा, आत भर घातलेला, बारा ते चौदा. हे आकडे लिहिलेला कागद खिशात होता म्हणून पुढचे निम्मे वाद झालेच नाहीत. विकणारा म्हणतो, ‘सगळं शिवतंय.’ आपण विचारायचं, पायाखाली किती मावतं?

आमचं गाव नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते ते माळेगाव इथून जवळच. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिढीजात चामड्याच्या कामातले. आजोबांनी मोटा शिवल्या, पखाली शिवल्या. विहिरीवर इंजिन बसलं, मोट गेली. घराघरात नळ आला, पखाल गेली. ट्रॅक्टरनं बैलं कमी केली, पण पोळा काही बंद पडला नाही, आणि लाल कंधारी नाहीतर देवणी पाळणारा माणूस बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्यावर घासाघीस करत नाही. घोडेवाल्यांचं तर विचारूच नका. यात्रेत घोडा विकायला आणलेला माणूस आधी त्याला नवा साज चढवतो, मग बाजारात उभा करतो. म्हणजे कामाला तोटा नाही, तोटा हाताला आहे. अण्णांची नजर उतरली आहे आणि आरी धरून अंगठ्याचा सांधा कायमचा सुजलेला.

मशीन कशासाठी घ्यायचं यावर मात्र आमचं दोघांचं जमत नव्हतं. अण्णा म्हणायचे, घागरमाळेचा पट्टा हाताला सगळ्यात जड, तोच पहिल्यांदा मशीनवर टाकू. माझं म्हणणं उलटं. चौदा मिलिमीटर शिवणारं मशीन वेगळ्याच जातीचं आणि वेगळ्याच किमतीचं असतं, हे एक. दुसरं, मशीनचा टाका वरच्या आणि खालच्या दोऱ्याच्या अढीवर उभा असतो. बैलानं दावणीला मान घासून एक दोरा झिजवला की शेजारचे टाके ढिले पडत जातात. हाताच्या शिवणीत दोन्ही सुया प्रत्येक भोकातून आरपार जातात. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. दहा-पंधरा वर्षं वापरायच्या पट्ट्याला हातच बरा. लगाम, म्होरकी, तंग, पाकिटं, कंबरपट्टे मशीनवर घ्यायचे आणि अण्णांच्या अंगठ्याला फक्त घागरमाळ ठेवायची, असा हिशेब मी मांडला. ते ‘बघू’ म्हणाले. आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे होकारच.

नांदेडात मला पहिलं दाखवलं ते शिंप्याचं उंच मशीन. जाड सुई घातलेली, मोटर जोडलेली, वर काळा चकाचक रंग. ‘लेदरचं स्पेशल’ म्हणून भाव सांगितला. मी बरोबर नेलेल्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून हातभर शिवायला लावल्या. टाके पडले, दिसायलाही बरे पडले. पण शेवटाला पोचलो तेव्हा खालची पट्टी संपली होती आणि वरची बोटभर शिल्लक होती. साध्या मशीनला ओढणारे दाते फक्त खाली असतात. ते खालचं चामडं पुढं नेतात आणि वरच्याला दाबाचा पाय अडवून धरतो. कापडात हा फरक हातानं ताणून जिरवता येतो, चामड्यात येत नाही. शिवाय खालच्या अंगाला दात्यांचे वळ उठले होते. घोड्याच्या गालाला लागणारी बाजू तीच.

परभणीत चपला दुरुस्तीच्या दुकानात सिंगर २९के विकायला होतं. हे मोच्यांचं लांब हाताचं मशीन बहुतेकांनी पाहिलेलं असतं: बारीक दंडासारखा हात पुढं आलेला, चाक हातानं फिरवायचं आणि पाय सगळीकडं गोल वळणारा, त्यामुळं बुटाच्या आत शिरून हव्या त्या दिशेला शिवता येतं. नावातला ‘के’ म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना. तो १९८० मध्ये बंद झाला, म्हणजे यातलं कुठलंही मशीन त्याच्या आधीचंच. अण्णांचा जीव त्याच्यावर लगेच बसला. चाकावरनं हात फिरवत म्हणाले, ‘लोखंड बघ की कसलं हाय!’

लोखंडाबद्दल वाद नव्हता. पण टाक्याची लांबी सगळ्यात मोठीवर लावून मी शिवलं तर इंचाला नऊ टाके आले. चांगल्या अवस्थेतल्या मशीनला पाचच्या आसपास यायला हवेत. या जातीत वरचा पायच चामडं पुढं ढकलतो. त्याला हलवणारे कॅम आणि खिळे झिजले की पाय पूर्वीइतकं अंतर चालत नाही आणि टाका आखडत जातो. लांबीचा स्क्रू कितीही फिरवा, झीज भरून निघत नाही. असलं जुनं मशीन (याला पॅचर म्हणतात) घ्यायला कुणी जात असेल तर एवढी एक परीक्षा पुरे: सगळ्यात लांब टाका लावा, इंचभर शिवा आणि मोजा. त्यात खालच्या दोऱ्याची बॉबिन एवढीशी, की दोन तंग झाले की परत भरायची. दुरुस्तीला फक्कड, रोजच्या मालाला निकामी. अण्णा परत येताना एसटीत बोलले नाहीत.

मुंबईला धारावीत फोन लावून ज्युकी टीएससी-४४१ आणि त्याच्या नकलांची चौकशीही केली. खोगिरं आणि जाड पट्टे शिवणारं हे खरं मशीन, पायाखाली वीस मिलिमीटरपर्यंत घेतं. भाव ऐकला, धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवला.

मग वाळूजचं कळलं. माझा चुलतभाऊ तिथल्या एमआयडीसीत कामाला आहे. गाड्यांची सीट कव्हरं शिवणारा एक छोटा कारखाना आवरायला काढलाय, ओळीनं मशीनं पडून आहेत, ये म्हणाला. सीट कव्हरवाल्याकडं वॉकिंग फुट, म्हणजे वरूनही माल पुढं नेणारं मशीन, असणारच, हे मला माहीत होतं. रेक्झिन, फोम आणि अस्तर एकदम शिवायचं तर साधं मशीन चालत नाही.

जाताना संभाजीनगरातल्या एका मिस्त्रीला बरोबर घेतलं. वय झालेला माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आयुष्य कारखान्यांची मशीनं उघडण्यात गेलेलं. पाचशे रुपये, चहा आणि रिक्षाचं भाडं. एवढ्या पैशात जे शिकलो ते कुठल्या कोर्सात मिळालं नसतं.

शेडमध्ये मालकानं दारातलंच मशीन दाखवलं. नुकतं पुसलेलं, टेबलावर नवा सनमायका. चाचांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ते ओळीतून चालत गेले, प्रत्येक डोक्यापाशी, म्हणजे मशीनच्या टेबलावरच्या भागापाशी, वाकून स्क्रू बघत. पेचकसाची खाच धारदार आणि सरळ असेल तर ते मशीन जाणत्या हातांनी उघडलंय. खाच चेचून गोल झाली असेल तर कुणीतरी चुकीचा पेचकस लावून झगडलंय, आणि जो स्क्रूशी असा वागला तो आतल्या टायमिंगशी, म्हणजे सुई आणि शटलच्या मेळाशी, कसा वागला असेल याचा अंदाज आपण करायचा. अशा तीन-चार डोक्यांना त्यांनी मान हलवून पुढं टाकलं. कोपऱ्यात फोमच्या भुग्यानं माखलेलं एक ज्युकी डीएनयू-१५४१ होतं. त्याच्यापाशी ते थांबले, चष्मा लावला आणि नंबरप्लेट बघितली. नकली मशीनवर नुसतं नावाचं स्टिकर लावून विकणारे पुष्कळ आहेत, म्हणून प्लेट, तिचे रिबिट आणि सिरीयल नंबर आधी. चिनी नकल घ्यायला हरकत नाही, बऱ्याच जणांचं त्यावर उत्तम चाललंय, पण पैसे नकलेचे द्यावेत.

मालक बटण दाबायला गेला तसे चाचा म्हणाले, ‘मोटर बंद रखो. पैले हात से फिराके देखो. मोटर झूट बोलती.’

त्यांनी पट्टा उतरवला आणि चाक माझ्या हातात दिलं. आपल्याकडं ओढत हळूहळू एक पूर्ण फेरा. सगळीकडं सारखंच जड किंवा हलकं लागायला हवं. एखाद्याच जागी अडकल्यासारखं झालं तर आत दोरा गुंडाळलेला असतो, नाहीतर काहीतरी वाकलेलं. मोटर लावली की अर्धा हॉर्सपॉवर हे सगळं दाबून टाकतो आणि आपल्याला काही कळत नाही. मग चाक धरून आत-बाहेर हलवायचं, त्यात खटखट नको. सुईचा दांडा चिमटीत धरून डावी-उजवीकडं हलवायचा. पुढं-मागं तो हलणारच, कारण या मशीनमध्ये सुई स्वतः चामड्याबरोबर पुढं चालते. डावी-उजवीकडं मात्र हलायला नको.

हे मला तिथं हातानं फिरवूनच नीट कळलं. सुई खाली रुतते, आतला पाय तिच्याबरोबर चामड्यावर टेकतो, खालचे दाते वर येतात आणि तिघं मिळून चामडं पुढं नेतात. तोवर बाहेरचा पाय वर उचललेला असतो. सुई बाहेर निघाली की बाहेरचा पाय चामडं धरतो आणि हे तिघं परत मागं जागेवर येतात. चामड्याच्या पोटात रुतलेली सुईच त्याला पुढं नेते, मग वरची पट्टी मागं राहील कशी? बघायचं ते एवढंच, की दोन्ही पाय सारखे उचलतात का. एक दोनच मिलिमीटर उचलत असेल आणि दुसरा सहा, तर बक्कलची पायरी चढताना मशीन जागच्या जागी टाके मारत बसणार.

सरकपट्टी बाजूला केली तेव्हा आतलं शटल दिसलं, वरचा दोरा पकडून खालच्यात गुंतवणारं. चाचांनी नखाचं टोक त्याच्या चोचीवरनं अलगद ओढलं आणि मग माझं बोट धरून तेच करायला लावलं. चोच सुईसारखी अणकुचीदार आणि गुळगुळीत. तिच्यावर केसाएवढी जरी खाच असेल तर दोरा तिथं पिंजतो आणि लोक दोऱ्याला शिव्या देत बसतात. नंतर सुई पार तळाला नेऊन साधारण दोन मिलिमीटर वर आणली. नेमक्या त्या क्षणी चोच सुईच्या मागच्या खाचेत, भोकाच्या जरा वर आली. टायमिंग जागेवर होतं. शटलला डाग नव्हता. सुईखालच्या प्लेटचं भोक मात्र एका अंगानं चावल्यासारखं झालेलं, सुया आपटून आपटून. दातेही बोथट. हे दोन्ही बदलता येतं, बाजारात मिळतं, म्हणून चाचा खूश दिसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, शटल खराब आणि प्लेट नवी असती तर मी तुला घेऊ दिलं नसतं.

आता शिवून बघायचं. मालकानं रेक्झिनचा तुकडा पुढं केला. मी पिशवीतून माझं चामडं काढलं: लगामाची पट्टी, तंग आणि मुद्दाम बक्कलपाशी दुमडून खिळा मारून आणलेला नऊ मिलिमीटरचा तुकडा. दोराही माझा. सुया नेल्या त्या डीपी गुणिले १६ सिस्टीमच्या, म्हणजे चामडं कापत जाणाऱ्या टोकाच्या. कारखान्यात १७ घालतात. लांबी-जाडी तीच, टोक गोल, कापड-रेक्झिनसाठी. गोल टोकाची सुई जाड चामड्यात घुसते खरी, पण निघताना चामडं बरोबर उचलते, टाका सुटतो आणि दोष मशीनच्या माथी जातो.

लगाम लोण्यासारखा शिवला. तंगाला वरच्या दोऱ्याचा ताण थोडा आवळावा लागला. नऊच्या तुकड्यावर चढताना मी वेग सोडून दिला आणि चाक हातानं फिरवलं. पायरीवर पहिले दोन टाके आखूड आले, पुढं लांबी जागेवर आली. खालून बघितलं तर गाठ चामड्याच्या पोटात दडलेली, बाहेर दोऱ्याची रांग सरळ. मग रिव्हर्स. मागं येताना सुई आधीच्याच भोकांत पडायला हवी. जवळजवळ पडत होती, एक-दोन केसभर बाजूला. चाचा म्हणाले, तेवढं चालतं. हे मशीन हातानं पाय उचलला तर नऊ मिलिमीटर आणि गुडघ्याच्या कळीनं सोळा मिलिमीटर उघडतं. याचा अर्थ सोळाचं शिवतं असा कुणी घेऊ नये. ती उंची माल आत सरकवायला असते. शिवणीला आठ-नऊ हीच हद्द समजावी.

भाव बासष्ट हजार सांगितला. चावलेली प्लेट आणि बोथट दाते दाखवून पंचावन्नपर्यंत आणला. मग मी टेबलाखाली वाकलो. मोटर थ्री फेजची होती, कारखान्यात असतेच.

‘साहेब, ही मोटर मी नेऊन करू काय? घरी सिंगल फेज.’

‘शेतात असंल की थ्री फेज.’

‘हाय ना. रात्री बाराला येतीय. रात्री बारानंतर तंग शिवत बसू का पाणी देऊ?’

शेडमध्ये सगळे हसले, मालकही. मोटर त्यांच्याकडंच राहिली आणि डोकं, टेबल, स्टँड, डबाभर बॉबिनी, चार-पाच पाय मिळून साडेसत्तेचाळीसला व्यवहार ठरला. खरं सांगायचं तर मोटर सिंगल फेजची असती तरी मी सोडूनच दिली असती, ते पुढं येईलच.

पैशाचं थोडं सांगतो, कारण लोक विचारतात. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत चर्मकाराला पंधरा हजारांचं टूलकिटचं ई-व्हाउचर आणि पाच टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख असं विनातारण कर्ज आहे. अण्णांची नोंदणीही झालेली. पण बँकेतल्या साहेबांनी नव्या मशीनचं, जीएसटी नंबर असलेल्या दुकानाचं कोटेशन मागितलं. बंद पडणाऱ्या कारखान्यातलं जुनं मशीन त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसेना. शेवटी आईच्या बचत गटातून उचललं. ज्याला कर्जातूनच घ्यायचंय त्यानं आधी शाखेत विचारावं, मग मशीन हुडकावं. पावती मात्र मी सोडली नाही: कारखान्याच्या लेटरहेडवर, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख, सही. पुढं विकायची वेळ आली तर चोरीचं नाही हे दाखवायला दुसरं काय असतं आपल्याकडं?

अर्धापूरहून केळी घेऊन आलेला एक पिकअप रिकामा परत जात होता, तो भावानं गाठून दिला. नुसतं डोकं पस्तीस-चाळीस किलो. ते टेबलावर तसंच ठेवून आणायचं नाही, बिजागरीवर उलटून खाली पडलं की संपलं. डोकं काढून गोधडीत गुंडाळलं, चाकावर भार येणार नाही असं निजवलं. टेबल वेगळं. आधी तेल काढून घेतलेलं, तरी गोधडी गेलीच. आई बोलताना अजून तिचा विषय काढते अधूनमधून.

घरी आणून सर्वो मोटर बसवली. हा खर्च मशीनच्या किमतीतच धरायला पाहिजे. कारखान्याची क्लच मोटर सतत पूर्ण वेगानं फिरत असते, पायानं आपण नुसता क्लच लावतो. तिच्यावर हे मशीन मिनिटाला दोन हजारांवर टाके मारतं. सीट कव्हरच्या लांब शिवणीला ते ठीक. आपल्याला लगामाच्या टोकाला पाऊण इंचात वळायचं असतं. पाय ठेवला की वळण संपून बोट सुईखाली. सर्वो पाय दाबल्यावरच फिरते, जितकं दाबाल तितकी, आणि वरचा वेग बांधून ठेवता येतो. टेबलाला क्लच मोटरची जी तीन भोकं होती त्यातच ती बसली, सुतार लागला नाही. तिची पुली बदलून आणखी लहान घातली. पुली लहान म्हणजे वेग कमी आणि सुईला जोर जास्त. त्याबरोबर पट्टाही आखूड लागतो हे लक्षात ठेवून दोन्ही एकदमच आणावं, नाहीतर नांदेडची चक्कर वाढते.

पहिल्यांदा चालू केली तर चाक उलटं फिरलं. सर्वोच्या डबीत दिशा बदलायची सेटिंग असते, दोन बटणं दाबून काम झालं. जास्त वेळ गेला तो वेगळ्याच गोष्टीत. कारखान्यात चाळीस नंबरचा दोरा आणि अठरा नंबरची सुई चालायची. दोऱ्याचा हा नंबर जितका कमी तितका दोरा जाड. तंगाला आम्हाला वीस नंबरचा बाँडेड नायलॉन लागतो आणि त्याला बावीस नाहीतर तेवीसची सुई. एवढी जाड सुई घातल्याबरोबर शटलची चोच तिला घासायला लागली. बारीक टिक टिक ऐकू येत होती. चाचांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी शटलचे स्क्रू ढिले करायला लावले, चोच आणि सुई यांच्यात कागदाचा एक पदर जेमतेम जाईल एवढी फट ठेवून परत आवळायला लावले, आणि मोबाइल जवळ धरून चाक फिरवायला सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. टिक टिक थांबली तसं ‘बस’ म्हणाले. म्हणून आता मी सुईचा नंबर उगाच बदलत नाही. चाळीसचा दोरा लागणारं पाकिटाचं काम साठवून ठेवतो आणि एकदमच काढतो.

प्लेट आणि दाते नवे घातले. पायाच्या तळाला रेघा होत्या, त्यांचे वळ चामड्यावर उठत होते. गुळगुळीत तळाचे पाय मिळतात, पण मिळेपर्यंत अण्णांनी जुन्या पायाचा तळ पॉलिश पेपरवर घासून घासून आरशासारखा केला. मशीनला त्यांनी प्रेमानं हात लावला तो तेव्हा पहिल्यांदा.

हे मशीन १५४१ एस असल्यामुळं त्याला एक सेफ्टी क्लच आहे. खाली दोरा अडकला की शटल स्वतःहून सुटतं, मोडत नाही. पण सुटलं की टाका पडायचा बंद होतो आणि माहीत नसलेला माणूस टायमिंग गेलं म्हणून डोक्याला हात लावतो. टेबलाच्या पातळीवर एक छोटं बटण आहे. आधी अडकलेला दोरा काढायचा, मग ते दाबून धरून चाक उलटं जोर लावून फिरवायचं. कट् असा आवाज येतो आणि शटल जागेवर बसतं. आमच्याकडं हे बक्कलच्या पायरीवर घाई केली की होतं. लाइटचं दुखणं वेगळं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की सर्वो एरर दाखवून बसते. स्टॅबिलायझर लावल्यापासून कमी झालंय, गेलेलं नाही.

मोटर, पुली-पट्टा, प्लेट, दाते, भाडं, स्टॅबिलायझर सगळं धरून साठ-बासष्टपर्यंत गेलं. म्हणजे मालकानं पहिला सांगितला त्याच आकड्याला आलो, फक्त तयार मशीन घेऊन. लगाम आणि म्होरक्या आता माझी बायकोही शिवते, तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ येतो. तेल रोज सकाळी, लाल खुणा केलेल्या भोकांत एक-एक थेंब, हे काम अण्णांनी स्वतःकडं घेतलंय. घागरमाळेचे पट्टे ते आरीनंच शिवतात. एकदा मी नसताना त्यांनी एक मशीनखाली घालून बघितला असावा. पट्टा आत शिरलेला दिसतो, पायाला घासल्याची खूण आहे, टाका एकही नाही.

वाळूजच्या त्याच मालकाचा परवा फोन होता, दोन सुयांचं मशीन राहिलंय, तीसला देतो म्हणून. दोन समांतर शिवणी एकदम, ऐकायला छानच. पण त्या दोन सुयांमधलं अंतर मशीनमध्ये बसवलेल्या सेटवर ठरतं, ते बदलायचं तर प्लेट, दाते, पाय आणि सुईची पकड असा सगळा संचच बदलावा लागतो. आमच्या लगामाची रुंदी पाऊण इंच, तंगाची दोन, म्होरकीची मागणाऱ्याच्या मनावर. नको म्हणालो. हाताच्या दंडासारखं गोल बेडचं मशीन निघालं तर सांगा, म्हटलं, पिशव्यांच्या तळाला लागतंय.